परराज्याचे पासिंग आणि घरचा कर

आण्यापासून आळेफाट्यापर्यंत आणि तेथून ओतूर, नारायणगाव, जुन्नर, मंचरपर्यंत आमचे जे बांधव धंदा करतात, त्यांचा धंदा चाकावर चालतो. भंगारवाला असो, गादीवाला असो, बांगडीवाला, फळवाला, कोंबडीवाला किंवा ग्रील-शटरचे काम करणारा कारागीर असो, दारात एक टेम्पो किंवा पिकअप नसेल तर आठवडे बाजार साधत नाही. आणे तर जुन्नर तालुक्याचे पूर्वेचे टोक. कल्याण-नगर रस्त्याने आणे घाट चढून वर आले की पुढे पारनेर तालुका लागतो. पाण्याची टंचाई असलेल्या या पठारावर शेतीचा भरवसा नाही, म्हणून धंद्याचा भरवसा धरावा लागतो.

अशा माणसाच्या कानाशी येऊन कोणी म्हणाले की, "शेठ, गाडी गुजरातमधून घ्या, लाखभर वाचतात," तर त्याचे कान टवकारणारच. दुसरा म्हणतो, सिल्वासाचे पासिंग करून देतो. तिसऱ्याकडे दिल्लीची डिझेल गाडी असते, निम्म्या किमतीत. हे सांगणारे एजंट गोड बोलतात, कागद 'नंतर' देतात. आमचे म्हणणे असे की, परराज्यातून गाडी घेणे हा गुन्हा नाही, पण कोणता कर कोठे भरायचा हे न समजता घेणे हा मूर्खपणा आहे, आणि तो चुकविण्यासाठी खोटा पत्ता देणे हा गुन्हाही आहे आणि गुनाहही.

आधी जुनी गोष्ट सांगतो, कारण एजंट लोक आजही जुन्याच गोष्टीवर धंदा करतात. पूर्वी प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा होता. आपल्याकडे मुंबई विक्रीकर कायदा, १९५९ लागू होता. दोन राज्यांमधल्या विक्रीवर १९५६ चा केंद्रीय विक्रीकर लागे. खरेदीदार नोंदणीकृत व्यापारी असेल आणि त्याने सी फॉर्म दिला तर तो कर ४ टक्के, नाहीतर जास्त. वापरण्यासाठी गाडी घेणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाला सी फॉर्म देता येत नसे. पण ज्या छोट्या राज्यांनी किंवा केंद्रशासित प्रदेशांनी आपला विक्रीकर मुद्दाम कमी ठेवला होता, तेथे जाऊन काउंटरवर गाडी घेतली की फायदा होई. मुंबई-पुण्याचे लोक तसे करीत. महाराष्ट्राची तिजोरी गळू लागली.

त्यावर उपाय म्हणून आपल्या सरकारने १९८७ साली एक कायदा केला. स्थानिक क्षेत्रात मोटार वाहन आणण्यावर प्रवेश कर. स्थानिक क्षेत्र म्हणजे केवळ महापालिका नव्हे, ग्रामपंचायतही. म्हणजे आणेही त्यात आले. बाहेरून गाडी आणली की येथे प्रवेश कर भरायचा, मात्र तिकडे जो विक्रीकर भरला असेल तो त्यातून वजा. दुसऱ्या राज्यात पंधरा महिने किंवा त्याहून जास्त नोंदलेली गाडी या करातून सुटे. हा कर भरल्याशिवाय आरटीओत नोंद होत नसे. 'सोळाव्या महिन्यात आणा' हा जो सल्ला आजही आमच्या काही जुन्या मंडळींच्या तोंडी असतो, त्याचे मूळ हेच. सल्ला चुकीचा नव्हता, पण तो ज्या कायद्याचा होता तो कायदा आता राहिलेला नाही.

या प्रवेश करावरून देशभर कोर्टकचेऱ्या झाल्या. व्यापाऱ्यांचे म्हणणे असे की, घटनेच्या ३०१ व्या कलमाने देशांतर्गत व्यापार मुक्त आहे, मग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेल्यावर कर कसा? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ११ नोव्हेंबर २०१६ रोजी जिंदाल स्टेनलेस प्रकरणात निकाल दिला. राज्याला कर लावता येतो; पण बाहेरच्या मालाला एक दर आणि घरच्या मालाला दुसरा, असा भेदभाव करता येत नाही. निकाल लागला तेव्हा पुढे वस्तू व सेवा कर येऊच घातला होता. १ जुलै २०१७ पासून तो आला आणि विक्रीकर, मूल्यवर्धित कर, प्रवेश कर, मुंबईची जकात, सारे त्यात विरघळले.

(जकात हा शब्द मराठीने कोठून घेतला ते आमच्या वाचकांस सांगायला नको. दीनने जी माणसाच्या मालाची सफाई म्हणून सांगितली, तिचे नाव नाक्यावरच्या शिपायाच्या वसुलीला चिकटले. आपल्याच तालुक्यातल्या नाणेघाटात तो दगडी रांजण आहे, ज्यात पूर्वी घाटावर येणाऱ्या मालाचा कर टाकीत असे लोक सांगतात. म्हणजे या वाटेवर कर ही काही आजची गोष्ट नाही. जाता जाता हेही सांगतो की, धंद्यात वापरायच्या टेम्पोवर शरियतची जकात लागत नाही, तो कारागिराच्या हत्यारासारखा. पण गाड्या विकण्यासाठीच घेऊन ठेवल्या असतील तर तो व्यापारी माल, त्याच्या किमतीवर ती लागते. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या बांधवांनी आपल्या आलिमांकडून हिशोब समजून घ्यावा.)

आता आजची स्थिती. वस्तू व सेवा कराचा दर देशभर एकच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर १८ टक्के, मोठ्यांवर ४० टक्के; मालवाहू गाड्यांवर पूर्वी २८ होता तो १८ झाला. सुरतेत घ्या, हुबळीत घ्या, नाहीतर चाकण-नारायणगावच्या वाटेवरच्या शोरूममध्ये घ्या, दर तोच. म्हणजे विक्रीकराच्या नावाने परराज्यात जाण्यात आज एक रुपयाही वाचत नाही. तिकडचा डीलर पाच-दहा हजारांची सूट जास्त देत असेल, तर ती त्याच्या नफ्यातली सूट आहे. तेवढ्यासाठी जाणे-येणे, मुक्काम, डिझेल आणि दोन दिवसांचा बुडालेला धंदा धरून पाहा.

वाचत नाही हे ठीक. पण बुडू मात्र शकते, आणि येथेच आमच्या व्यापारी वाचकांनी नीट लक्ष द्यावे. समजा, आण्याच्या एका भंगार व्यापाऱ्याने, ज्याची जीएसटी नोंदणी महाराष्ट्रात आहे, सुरतेहून पिकअप घेतली. करापूर्वीची किंमत ८ लाख. १८ टक्क्यांनी कर झाला १ लाख ४४ हजार. मालवाहू गाडी असल्याने हा कर त्याला आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करून मिळू शकतो. पण तो शोरूममध्ये गेला, तेथेच चावी घेतली, आणि डीलरने ही स्थानिक विक्री धरून निम्मा केंद्राचा व निम्मा गुजरातचा असा कर बिलात लावला, तर हे १ लाख ४४ हजार महाराष्ट्राच्या नोंदणीवर मिळत नाहीत. गुजरातच्या खात्यात गेलेला पैसा तिकडेच राहिला. बिल आंतरराज्य कराचे, म्हणजे आयजीएसटीचे असते, तर पूर्ण रक्कम मिळाली असती. गाडी तीच, दर तोच, कर भरलाही तेवढाच. पण बिलावरची तीन अक्षरे चुकली की दीड लाखाला पाच-सहा हजार कमी इतका फटका.

म्हणून ज्यांना परराज्यातून मालवाहू गाडी घ्यायचीच आहे त्यांनी ऑर्डर देतानाच सांगावे की, गाडी आमच्या गावी पोहोचती करा, बिलावर आमचा जीएसटी नंबर व आण्याचा पत्ता घाला आणि कर आयजीएसटी लावा. बिल पोर्टलवर आपल्या नावे दिसते की नाही ते पाहावे. आणि आपल्या हिशोबनीसाला सांगून ठेवावे की, त्या कराच्या रकमेवर घसारा धरू नको. दोन्ही फायदे मिळत नाहीत. ज्यांनी कंपोझिशन घेतले आहे त्यांना हे क्रेडिट मुळातच नाही. घरच्या मोटारीचेही नाही; ड्रायव्हर धरून तेरा माणसांपर्यंतच्या प्रवासी गाडीवरचा कर, मोटार ड्रायव्हिंग शाळा, भाड्याने प्रवासी नेणारे किंवा गाड्या विकणारे सोडून, कोणा व्यापाऱ्याला वजा करता येत नाही. दुकानाच्या नावाने मोटार घेतली तर कर परत मिळतो अशी जी समजूत आहे ती सोडून द्यावी.

मग एजंट जो लाख वाचवतो म्हणतो तो कोठला? तो वाहन कर. लोक त्याला रोड टॅक्स म्हणतात. तो जीएसटीत गेला नाही, तो राज्याचाच राहिला आणि प्रत्येक राज्याचा दर वेगळा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खाजगी पेट्रोल मोटारीला ११ टक्के, डिझेलला १३ टक्के. कराला धरली जाणारी किंमत सात लाख असेल तर पेट्रोलला ७७ हजार, डिझेलला ९१ हजार. २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात साडेसात टनांपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांनाही एकरकमी ७ टक्के कर सुचविला गेला. ज्या प्रदेशात हा कर हलका आहे तेथला पत्ता दाखवून नोंद करायची आणि गाडी येथे फिरवायची, हा तो लाख रुपयांचा मंत्र. उलटही घडते. कर्नाटकात हा कर आपल्यापेक्षा जड, म्हणून बेळगाव-निपाणीच्या आमच्या मराठी बांधवांना कोल्हापूरच्या पासिंगचा मोह पडतो.

आता कायदा पाहा. मोटार वाहन कायदा, १९८८ सांगतो की, गाडीची नोंद मालक जेथे राहतो किंवा जेथे त्याचा धंदा आहे आणि गाडी जेथे ठेवली जाते, त्या राज्यात व्हावी. आण्याच्या माणसाची गाडी महाराष्ट्रात नोंदली पाहिजे; जुन्नर-आंबेगावच्या गाडीवर एमएच १४ पाहण्याची आपल्याला सवय आहे. घाट उतरून नगरकडे (आता अहिल्यानगर) जाऊन तेथल्या डीलरकडून घेतली तर काही बिघडत नाही, कारण राज्य तेच. परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त येथे ठेवली तर ४७ व्या कलमाप्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. यातून लोकांनी असा अर्थ काढला की बारा महिने फुकट. तसे नाही. आपल्या राज्याचा १९५८ चा वाहन कर कायदा राज्यात वापरल्या जाणाऱ्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या गाडीवर कर लावतो. नंबर बदलण्याची मुदत वेगळी आणि कराची जबाबदारी वेगळी.

आणि खोट्या पत्त्याचे काय? भाडेकरार कधी न पाहिलेल्या खोलीचा, विजेचे बिल दुसऱ्याचे, प्रतिज्ञापत्र आपल्या सहीचे. २०१७ साली केरळात पाँडिचेरी पासिंगच्या महागड्या गाड्यांचे प्रकरण गाजले, पोलिसात गुन्हे दाखल झाले. ती बडी मंडळी होती, त्यांना वकील परवडले. आमच्या पिकअपवाल्याला एक दिवस गाडी अडकली तरी आठवड्याचा माल सडतो. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा पत्ताच तपासणार.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. बाहेरच्या नंबरची गाडी रस्त्यावर जास्त अडवली जाते, हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत आहे. त्यात दाढी-टोपीचा माणूस स्टेअरिंगवर, आणि मागे कोंबड्या, जनावरे किंवा कातडे असेल, तर काय होते हे आमच्या वाचकांना आम्ही सांगावे असे नाही. अशा वेळी कागद चोख असले तर बोलता येते. कागदावरच पत्ता खोटा असेल, तर ज्याच्यावर खोटा आळ आला तोही खरा गुन्हेगार ठरतो, आणि मदतीला येणाऱ्या वकिलाचे आणि बिरादरीच्या कार्यकर्त्याचे तोंड बंद होते. आपल्या माणसाचा बचाव करणे कठीण होईल असे काम आपल्याच माणसाने करू नये, एवढी आमची अपेक्षा आहे.

काही जण म्हणतात, सरकारचा कर हा काही दीनचा हक्क नाही, चुकवला तर काय बिघडले? कराबद्दल आलिमांमध्ये जी चर्चा आहे ती त्यांनी करावी. आम्ही धंद्याच्या पानावर लिहिणारे. परंतु खोटी साक्ष आणि खोटा करार याबद्दल दीनमध्ये दोन मते नाहीत, हे कोणीही सांगेल. मापात कमी देणाऱ्याला कुरआनात जी ताकीद आहे ती तराजू धरणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. सहीचे वजन तराजूच्या दांडीपेक्षा कमी कसे?

जुन्या गाड्यांविषयी दोन शब्द जास्त लिहितो, कारण व्याजाचे कर्ज टाळण्यासाठी आमचे पुष्कळ बांधव रोख जमवून जुनी गाडीच घेतात. ही नियत चांगली आहे. पण रोखीत २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई आहे. म्हणून पैसे बँकेतूनच द्यावेत, त्यात आपलाही पुरावा राहतो. खाजगी माणसाने आपली जुनी गाडी विकली तर तिच्यावर जीएसटी नाही. नोंदणीकृत डीलरने विकली तर त्याच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी-विक्रीच्या फरकावर, २०२५ च्या जानेवारीपासून १८ टक्के कर आहे. पूर्ण किमतीवर नव्हे. कोणी पूर्ण किमतीवर १८ टक्के मागत असेल तर आधी हिशोब मागा. आणि आपली स्वतःची नोंदणी असेल व धंद्याची गाडी विकत असाल, तर घसारा वजा जाता उरलेल्या किमतीपेक्षा जास्त मिळालेल्या रकमेवर आपल्यालाही हा कर आहे. खरेदीच्या वेळी क्रेडिट घेतले असेल तर हिशोब आणखी वेगळा. तो सल्लागाराकडूनच करून घ्यावा.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त का, तेही समजून घ्या. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. नियमांत पुढे बदल होत गेले, पण तिकडच्या वयस्क गाड्या बाहेर काढण्याची घाई त्या वेळेपासून लागली ती लागली. गाडी वाईटच असेल असे नाही, पण तिचे वय दिल्लीत संपले म्हणून ती आण्यात तरुण होत नाही. शिवाय मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. फायनान्सचा बोजा उतरला असेल तर फॉर्म ३५ व कंपनीचे पत्र, हस्तांतराचे फॉर्म २९ व ३०, थकलेली चलने. हे नसेल तर गाडी दारात येते, पण नावावर येत नाही. वर येथे आणल्यावर गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा एकरकमी कर भरायचा आहे, तो सौद्याच्या दिवशीच किमतीत मिळवून पाहावा. बहुतेक वेळा त्या बेरजेनंतर नारायणगावची गाडी महाग राहत नाही.

आता सरकारलाही ऐकवले पाहिजे. प्रामाणिकपणे गाडी हलवणाऱ्याला या व्यवस्थेत दोनदा कर भरावा लागतो. तिकडे आयुष्यभराचा कर भरला. येथे आणली की येथला भरा. मग तिकडचा उरलेल्या वर्षांचा परतावा मागायला पुन्हा त्या राज्याच्या आरटीओत चकरा मारा. आण्याच्या कारागिराने परताव्याच्या पाच-दहा हजारांसाठी राजकोट किंवा इंदूरच्या कचेरीत किती वेळा जावे? तो जात नाही, रक्कम सोडून देतो, आणि पुढच्या वेळी एजंटचे ऐकतो. चुकवेगिरी अशी तयार होते. नोकरदारांची ही अडचण सरकारने ओळखली. १५ सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिकेचा नंबर आला, दोन-दोन वर्षांचा कर भरा आणि कोणत्याही राज्यात फिरा. पण तो कोणाला? सरकारी व लष्करी नोकरांना, आणि ज्या खाजगी कंपन्यांच्या कचेऱ्या चार किंवा अधिक राज्यांत आहेत त्यांच्या नोकरांना. बाराही महिने राज्याच्या सीमा ओलांडून माल नेणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला नाही. त्याच्याकडे जीएसटीचा नंबर आहे, त्याची उलाढाल दर महिन्याला सरकारला दिसते, तरी तो भरवशाचा नाही!

आयजीएसटीचा पैसा एका राज्याच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात केंद्र सरकार नेहमी वळता करते, त्यासाठी व्यापाऱ्याला कोठे जावे लागत नाही. गाड्यांची नोंद आता 'वाहन' या एकाच संगणक प्रणालीवर आहे. तेव्हा गाडीने राज्य बदलले की उरलेल्या वर्षांचा वाहन कर त्याच पद्धतीने नव्या राज्याकडे वळवावा आणि मालकाकडून फक्त फरक घ्यावा, ही मागणी आमच्या व्यापारी संघटनांनी जुन्नर, आंबेगाव आणि पारनेरच्या आमदारांकडे लेखी द्यावी. सोबत एखाद्या गाडीची दोन्ही राज्यांची पावती जोडावी. तोंडी तक्रार विधानसभेपर्यंत पोहोचत नाही.